डोक्याच्या गोळ्या : गुण किती, धोका किती?

भवानीनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू असला की बारामती-इंदापूर रस्त्यावर रात्री-बेरात्री उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. पाण्याची पाळी रात्रीची, लाइट रात्रीची, ऊस भरायचा तोही रात्रीचाच. माणसाची झोप या दिवसांत उडतेच. एका वस्तीवरच्या विशीतल्या पोराची झोप अशीच उडाली. घरच्यांना वाटलं, जागरणामुळे होतंय. मग पोरगं म्हणायला लागलं, मोटारीच्या आवाजातून कुणीतरी माझं नाव घेतंय. पुढं चुलत्यानं जेवणात काही घातलंय म्हणून ताट भिरकावलं. एका रात्री विळा घेऊन बांधावर उभं राहिलं.

वाचकहो, या घराचं नाव-गाव सांगत नाही. खरं तर ही एका घराची हकीगत नाहीच. दोन-तीन घरांत जे घडतं ते एकत्र करून सांगतोय आणि तुमच्याही पाहण्यात असं एखादं घर असेल. पुढचा भाग तर तुम्हाला पाठ असेल. आधी देवरुषी, मग अमावास्या, मग लांबच्या एका ठिकाणी सात वाऱ्या. आठ-दहा महिने आणि एक म्हैस यात गेली. शेवटी कुणीतरी शहाण्या पाहुण्यानं मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दीड महिन्यात आवाज थांबले. पोरगं दूध घालायला डेअरीवर जाऊ लागलं.

आणि इथंच घोळ झाला. चार महिन्यांनी आई म्हणाली, "आता बरं झालंय की. गोळीनं नुसतं झोपतंय, अंगानं सुटलंय, हात कापतोय. किती दिवस विष घालायचं पोटात?" गोळ्या बंद झाल्या. दोन महिने काही झालं नाही, तेव्हा आईचंच बरोबर होतं असं सगळ्यांना वाटलं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा मोटार बोलायला लागली.

आईचं चुकलं का? माझ्या मते अर्धंच चुकलं. झोप, वजन, कापरे हात हे तिनं बरोबर हेरलं होतं. ते औषधाचेच परिणाम होते. फक्त ते डॉक्टरांना सांगायच्या ऐवजी तिनं पाकीट कपाटावर ठेवलं. तिला कुणी समजावून सांगितलेलंही नव्हतं की ही गोळी करते काय, आणि किती दिवस घ्यायची. कागदावर गिचमिड अक्षर आणि "पुढच्या महिन्यात या" एवढंच. म्हणून आज या गोळीविषयी जरा सविस्तर बोलू.

पाटाच्या पाण्याची गोष्ट

आपल्या मेंदूत एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारी काही रसायनं आहेत. त्यातल्या एकाचं नाव डोपामाइन. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जसं फाट्यातून चारीत आणि चारीतून सरीत जातं, तसं हे रसायन ठरावीक वाटांनी जातं आणि पुढच्या पेशीवरच्या दारांतून आत शिरतं. काही आजारांत एका चारीला पाणी फार सुटतं. मग साध्या गोष्टीलाही भलताच अर्थ येतो. कुत्रं भुंकलं तर ते माझ्यासाठीच, शेजारी खोकला तर ती खूणच. कानात बोलणं ऐकू येतं, आणि ऐकणाऱ्यासाठी ते तुमच्या-माझ्या बोलण्याइतकंच खरं असतं. त्याला "असं काही नाही" म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो.

ही औषधं त्या दारांना फळी लावतात. सगळी दारं बंद करायची नसतात. शंभरातली साधारण साठ ते ऐंशी दारं अडली की गुण येतो, त्याच्या पुढं गेलं की त्रास वाढतो. कारण डोपामाइनची एकच चारी नाही. एका चारीवर हातापायांची हालचाल अवलंबून आहे, एकीवर बाईमाणसाच्या दुधाचं नियंत्रण. एका वावरातलं पाणी तोडायला गेलो की खालच्या भिजणाऱ्या वावरालाही झळ बसते, तसंच हे. हात कापणं, अंग आखडणं, चालताना हात न हलणं हे सगळं त्या दुसऱ्या वावरातलं कोरडेपण आहे.

या औषधांना इंग्रजीत अँटिसायकॉटिक म्हणतात. मेडिकलच्या दुकानात लोक सरसकट "झोपेची गोळी" किंवा "डोक्याची गोळी" म्हणून मागतात. पण ती झोपेची गोळी नव्हे. झोप पहिल्या दिवसापासून येते हे खरं. भास आणि संशय कमी व्हायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. "आठ दिवस दिली, काही फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलणारे पुष्कळ आहेत. बी पेरून आठव्या दिवशी कणीस शोधण्यातलाच हा प्रकार. आणि हेही ध्यानात घ्या : या गोळीची चटक लागत नाही. दारू-गांजासारखी ती जास्त हवी असं कुणाला वाटत नाही. उलट पेशंट ती टाळायलाच बघतो.

रंगाच्या कारखान्यातून, मेंढीच्या जंतातून

हे औषध आलं कुठून, ही गोष्ट शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. १८८३ साली जर्मनीत रंगांवर काम करताना फिनोथायझिन नावाचा पदार्थ तयार झाला. पुढे तो कीटकनाशक म्हणून वापरून पाहिला आणि मेंढ्या-गुरांच्या पोटातल्या जंतांवर तर तो बरीच वर्षं दिला जात होता. पालखीत काटेवाडीला ज्यांच्या मेंढ्यांचं रिंगण होतं, त्या धनगर बांधवांना जंताचं औषध नवं नाही. त्याच पदार्थाच्या कुळातून १९५० च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन तयार झालं. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी ते मनोरुग्णांना दिलं. तोवर साखळदंड, कोंडून ठेवणं, इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणं असेच उपाय होते. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेली माणसं नाव सांगायला लागली. १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यानसेन यांच्याकडे हॅलोपेरिडॉल तयार झालं. आजही इमर्जन्सीत दिलं जाणारं इंजेक्शन बहुधा तेच असतं.

पण आपल्या मातीतली एक गोष्ट याच्याही आधीची आहे. सर्पगंधा. बिहारकडे तिला "पागल की दवा" म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहून ठेवलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा अनुभव १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. काही वर्षं ते जोरात चाललं. मग दिसू लागलं की रक्तदाब फार उतरतो, काही माणसं खिन्न होतात, आणि क्लोरप्रोमॅझिन त्यापेक्षा लवकर व चांगलं काम करतं. रेसर्पिन मागे पडलं.

हे सांगण्याचं कारण असं की "झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात" असं आठवडे बाजारात छातीठोकपणे सांगणारे भेटतात. सर्पगंधेला गुण होता म्हणूनच धोकाही होता. ज्या औषधाला अजिबात धोका नाही असं कुणी सांगेल, त्यात बहुतेक औषधच नसतं. आणि बिनलेबलची पुडी असेल तर तिच्यात काय कुटलंय ते देव जाणे. जाता जाता : सर्पगंधा आता दुर्मीळ झाली आहे, तिच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. मुळ्या खणून विकत घेण्याच्या फंदात पडू नका.

कुणाला देतात, कुणाला देऊ नये

मुख्य आजार छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया. जगात साधारण तीनशे माणसांत एकाला हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन हजार वस्तीच्या गावाचा हिशेब करा, दहाएक माणसं झाली. सणसर, लासुर्णे, बेलवाडी, अंथुर्णे अशी गावं मोजत गेलात की आकडा लहान राहत नाही. यातली बरीच माणसं तुम्हाला दिसत नाहीत, कारण ती घराच्या मागच्या खोलीत आहेत.

दुसरा आजार उन्माद. माणूस झोपत नाही, दिवसाला दहा बेत करतो, शेत गहाण टाकून गाडी घ्यायला निघतो. तिथंही ही औषधं लागतात. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या बाईला अचानक भास होऊ लागतात, बाळावर संशय येतो. "बाळंतवारं" म्हणून तिथं वेळ घालवू नका. आई आणि मूल दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कॅन्सरच्या केमोथेरपीत उलट्या थांबवायला यातलंच ओलान्झापीन कमी प्रमाणात देतात. तेव्हा कुणाच्या कागदावर हे नाव दिसलं म्हणून "याचं डोकं फिरलंय" अशी कुजबुज करू नये.

उलट, काही वेळा माणूस भलतंसलतं बोलतो आणि आजार मनाचा नसतोच. तापात बरळणं, साखर उतरणं, फवारणीचं औषध अंगात जाऊन झालेली विषबाधा, रोजची दारू अचानक सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर किडे-मुंग्या दिसणं. या सगळ्याला वेगळे उपचार आहेत. काल कपाशीवर फवारणी केली होती का, दारू कधी सुटली, ताप किती होता, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची गोष्ट विचारली नाही म्हणून राहून जाते.

आणि घरातली म्हातारी माणसं. आजोबांना विसरायला होतं, रात्री उठून गुरं सोडायला निघतात, सगळ्यांची झोपमोड. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी सुरू होते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ सालीच दिला आहे. काही वेळा दुसरा उपायच नसतो, पण मग ती कमीत कमी, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. आपली झोप व्हावी म्हणून म्हाताऱ्याला गोळी, हा व्यवहार बरा नव्हे.

धोके सांगतो, घाबरवत नाही

मान वाकडी होणं. इंजेक्शन किंवा गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत, विशेषतः तरण्या पोरांना, मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. बघणाऱ्याचा थरकाप होतो आणि लगेच निष्कर्ष निघतो : अंगात आलं. गंमत अशी की उलटी थांबवायची काही साधी औषधंही याच कुळाशी नातं सांगतात, त्यामुळे जुलाब-उलटीचं इंजेक्शन घेऊन आलेल्या धडधाकट पोराचीही अशी मान पिळवटते. लिंबू उतरवत बसू नका. दवाखान्यात उतारा-इंजेक्शन दिलं की हे थोड्या वेळात सुटतं.

हात कापणं, अंग जड होणं, एका जागी बसवत नाही म्हणून येरझाऱ्या घालणं, हे पुढचं. ही बेचैनी पाहून घरच्यांना वाटतं आजारच वाढला, आणि ते गोळी वाढवून मागतात. खरं तर कमी करायची वेळ असते. कापऱ्यासाठी डॉक्टर सोबत दुसरी एक गोळी देतात. तीही कायमची नसते. तोंड कोरडं पडतं, विसरायला होतं. ती चालू ठेवायची का, हे दर खेपेला विचारा. आणखी एक त्रास वर्षानुवर्षांच्या औषधानंतर येतो : तोंड सारखं चघळल्यासारखं हलणं, जीभ आतबाहेर होणं. तो एकदा आला की नेहमी जातोच असं नाही, म्हणून सुरुवातीलाच दाखवावा.

वजन आणि साखर हा आजचा मोठा प्रश्न. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांत अंग आखडतं, ओलान्झापीनसारख्या नव्या औषधांत भूक सुटते. सहा महिन्यांत दहा किलो वजन वाढलेली पोरं आहेत. "तब्येत सुधारली" म्हणून आई सुखावते, आणि वर्षाने रक्तात साखर निघते. औषध सुरू करताना वजन, पोटाचा घेर, रक्तातली साखर आणि चरबी मोजून वहीत लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दुधाळ गाईची नोंद ठेवणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

आता एक नाजूक गोष्ट, पण बोललीच पाहिजे. रिस्पेरिडोनसारख्या औषधानं बाईची पाळी थांबू शकते, छातीतून दूध येऊ शकतं. माहेरी असलेल्या लेकीच्या किंवा नवरा बाहेरगावी असलेल्या सुनेच्या बाबतीत असं झालं तर घरात काय बोललं जातं, हे वेगळं सांगायला नको. औषधाचा परिणाम आहे हे माहीत नसल्यामुळे निष्पाप बाईवर संशय येतो. दिवस गेले आहेत का, ही तपासणी साधी आहे, ती करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं. गडीमाणसांना या औषधांनी नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते, ते लाजेनं बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी फेकतात. तिथंही बोलल्यास मार्ग निघतो.

उन्हाळ्यात जपायचं. या औषधांवर असलेल्या माणसाला ऊन जास्त बाधू शकतं. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी खोडवा तासायला त्याला लावू नका, पाणी हाताशी ठेवा. आणि ताप, अंग लाकडासारखं ताठ, घामाच्या धारा, बोलण्याची शुद्ध नाही, असं एकत्र दिसलं तर तो जिवावरचा प्रसंग असतो. क्वचित होतो, पण झाला तर गोळी थांबवून त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या, आणि कोणतं औषध चालू आहे ते पाकिटासह दाखवा.

क्लोझापीन या औषधाची गोष्ट वेगळीच आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या आणि साध्या जंतुसंसर्गानं ते दगावले. औषध जवळपास गुंडाळलं गेलं. मग १९८८ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना बाकी कशानंच गुण येत नाही त्यांतल्या बऱ्याच जणांना यानं येतो. नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आलं. तेव्हा क्लोझापीन सुरू असेल तर पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं, ही डॉक्टरांची कमाई नव्हे, पेशंटचा जीव आहे. ताप आला, घसा धरला, की आधी रक्त तपासा. बद्धकोष्ठही अंगावर काढू नका, या औषधात ते घातक ठरू शकतं. आणि बिडीवाल्यांसाठी एक : बिडी-सिगारेटच्या धुरानं क्लोझापीन, ओलान्झापीन शरीरातून लवकर निघून जातं. बिडी अचानक सोडली तर तेवढ्याच गोळीचा जोर वाढतो. सोडा जरूर, पण डॉक्टरांना सांगून.

दारूबरोबर ही गोळी नको. नव्या गोळीच्या पहिल्या आठवड्यांत ट्रॅक्टर नको, कडबाकुट्टी नको, विहिरीच्या काठावर एकटं बसणं नको.

बंद कधी करायची?

पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यानंतरही निदान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. पुन्हा पुन्हा उलटला असेल तर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. काहींना कायम. बंद करायचीच तर टप्प्याटप्प्यानं, महिन्यांच्या हिशेबानं. रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घेणाऱ्या बापाला पोराची गोळी दोन वर्षं जड वाटते, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित रक्तदाबाला गाव हसत नाही म्हणून असेल.

रोज गोळी घ्यायला पेशंट तयार नसेल तर चहातून, भाकरीतून चोरून घालणारी घरं आहेत. त्यांची अडचण मला कळते, त्यांना दोष देत नाही. पण चहा अर्धा टाकला तर औषध किती गेलं हे कळत नाही, आणि ज्या माणसाला आधीच वाटतंय की जेवणात काही घातलंय, त्याला एक दिवस खरंच सापडतं. मग विश्वास संपला. त्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, पातळ औषध आहे, आणि दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शनही आहे.

चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायला कायद्यानं बंदी आहे. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तेच नेणारे लोक आहेत, तेही चूक. शेजारच्याला लागू पडली म्हणून आपल्याला आणली, हे तर त्याहून वाईट.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांच्यासाठी

बांधून ठेवणं, अंगातलं भूत काढायचं म्हणून मारणं, हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. त्यानुसार कुणाही मनोरुग्णाला साखळीनं बांधता येत नाही. पालखी सोहळा पुढं गेला की एखादा भ्रमिष्ट माणूस मागं राहतो, कुणाचा कोण कळत नाही. त्याला चौकीत कोंडायचं नसतं. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि त्याच्या घरचा तपास करायचा, असं कायदा सांगतो. घरात कुणाला कोंडून ठेवलंय, उपाशी ठेवलंय असं कळलं तर पोलिसांना मॅजिस्ट्रेटकडे कळवावं लागतं. पोलीस पाटलानं डोळेझाक करायची ही बाब नाही.

रस्त्यावरची अशी माणसं परत घरी जातात का? जातात. रायगड जिल्ह्यात कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणते, औषधोपचार करते आणि देशभरातल्या त्यांच्या गावी नेऊन पोहोचवते. या कामासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. हा आजार त्यांच्या स्वतःच्या घरात होता. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "देवराई" हा चित्रपट याच आजारावर आला. ग्रामपंचायतीनं एखाद्या रात्री चावडीसमोर पडदा लावून तो दाखवला तर माझ्या या सगळ्या लेखापेक्षा जास्त काम होईल.

उपचाराचं म्हणाल तर "येरवड्याला पाठवा" हे आपल्याकडे शिवीसारखं वापरलं जातं, पण येरवड्याला सरकारी मनोरुग्णालय आहे आणि बहुतेक पेशंटना तिथं भरती व्हायची गरजच पडत नाही. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मनोविकार विभागात आधी चौकशी करा. १४४१६ हा टेलिमानसचा फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आजारामुळे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर दाखला मिळतो आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. तलाठी आणि ग्रामसेवकांनी ही माहिती आपण होऊन त्या घरी सांगितली तर बरं. ती माणसं कचेरीत यायला लाजतात.

सुरुवातीच्या त्या पोराचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्या खेपेला आई स्वतः सोबत गेली. तिनं वहीत लिहून नेलं होतं : किती झोपतो, हात कधी कापतो, वजन किती. डॉक्टरांनी गोळी बदलली, रात्रीची एकच ठेवली. रात्रपाळीचं पाणी आता थोरला भाऊ धरतो. आवाज अजून कधीमधी येतात, पण पोरगं म्हणतं, येऊ द्या, आता मला कळतंय ते कुठून येतात.